सबवूफर हॉलमध्ये बसवताना: आधी जागा, मग बटणं

नवा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, घरी आला की बहुतेक घरांत एकच नाटक होतं. टीव्ही युनिटशेजारचा रिकामा कोपरा त्याला मिळतो. जोडायला आलेला मुलगा मागचं गेनचं, म्हणजे सबच्या जोराचं, बटण अर्ध्याच्या पुढे नेतो, एखाद्या सिनेमातला स्फोट लावून दाखवतो, खिडक्या थरथरतात, सगळे खूश. चार दिवसांनी जुनं गाणं लावलं की काहीतरी जड जड वाटायला लागतं. मग बटण कमी. कमी केलं की सिनेमात दम राहत नाही. मग पुन्हा जास्त.

आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. पुण्यातला फ्लॅट, हॉल १६ फूट लांब, १० फूट रुंद, छत साडेनऊ फुटांवर. दहा इंची सब पुढच्या डाव्या कोपऱ्यात, सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला. घोळ कुठे आहे ते कळलं एका तानपुऱ्यामुळे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचं ध्वनिमुद्रण लावलं होतं आणि सोफ्यावर बसलं की खर्जाची तार गायकाच्या डोक्यावर चढून बसायची. चहाचा कप ठेवायला उठलो, टीपॉयपाशी गेलो, तर खर्ज गायब. परत येऊन बसलो, हजर. गेनचं बटण होतं तिथेच होतं. हलले होते ते फक्त माझे कान.

पुढचा सगळा क्रम त्या संध्याकाळवर बेतलेला आहे. आधी कान कुठे असणार ते ठरवायचं, मग सब कुठे ते, मग जोडणी, मग बटणं, आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाकडून सुरू करतात.

टेप घ्या आणि ५६५ ला भागा

खालच्या सुरांच्या लाटा अवाढव्य असतात. ८० हर्ट्झची एक लाट सुमारे १४ फूट, ४० ची २८ फूट, २० ची तर ५६ फूट. हॉलमध्ये ती मावतच नाही. भिंतीवर आपटून परत येते, समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते आणि काही ठरावीक सुरांवर खोलीच वाजायला लागते. याला रूम मोड म्हणतात. बाथरूममध्ये गुणगुणताना एखादा सूर अचानक भरदार लागतो, तो हाच प्रकार.

समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर फुटांत मोजा आणि ५६५ ला त्याने भागा. येईल तो पहिला मोड, हर्ट्झमध्ये. त्याची दुप्पट, तिप्पट म्हणजे पुढचे. माझ्या हॉलच्या लांबीचे मोड निघाले ३५, ७० आणि १०५. रुंदीचा पहिला ५६. उंचीचा ५९. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटून बसलेत, हे आपल्या फ्लॅटमध्ये फार वेळा दिसतं.

आता तानपुरा. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा, खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. एरवी तानपुऱ्यात हा मूळ सूर मागे असतो, कान भरतो तो वरच्या सुरांचा झणकार. पण माझ्या हॉलचा मोड नेमका ७० वर. हॉलने तानपुऱ्याशी आपणहून जुळवून घेतलं होतं म्हणायचं!

कागदावर हॉलचं चित्र काढा आणि प्रत्येक मोड कुठे जोरात आणि कुठे शून्य, ते लिहा. पहिला मोड दोन्ही भिंतींपाशी जोरात, मधोमध शून्य. दुसरा भिंतींपाशी आणि मधोमध जोरात, तर दोन्ही बाजूंनी पाव अंतरावर शून्य. माझ्या लांबीत पाव म्हणजे ४ फूट. टीपॉय मागच्या भिंतीपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर होतं, म्हणून तिथे खर्ज नाहीसा व्हायचा.

या चित्राचा उपयोग दोन बाजूंनी होतो. कान शून्याच्या जागी असतील तर तो मोड ऐकू येत नाही. आणि सब शून्याच्या जागी ठेवला तर तो मोड उठतच नाही. दुसरं वाक्य पुन्हा वाचा, पुढचं निम्मं काम त्यावर चालणार आहे.

हॉल इंग्रजी एलसारखा असेल, एका बाजूने पॅसेज उघडा असेल, तर हे आकडे थोडे सरकतात. तरी अंदाज येतो. बाल्कनीचं दार उघडं ठेवून ऐकत असाल तर पुढची सगळी मोजमापं दार उघडं ठेवूनच करा. बंद दाराची खोली वेगळी वाजते.

परदेशी व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी सांगाडा आणि त्यावर जिप्समचे बोर्ड अशी असतात. त्या भिंती खालच्या सुरांना हलतात आणि थोडा बेस गिळतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती काही गिळत नाहीत, आलेलं जवळपास सगळं परत पाठवतात. त्यामुळे तिकडे ‘कोपऱ्यात ठेवा, भरपूर बेस मिळेल’ हा सल्ला ठीक असेल, इथे तोच सल्ला डोकं उठवतो. कोपरा म्हणजे तिन्ही दिशांचे सगळे मोड एकदम पूर्ण जोरात उठवणारी जागा.

सोफा

सबच्या आधी सोफा हलवा. मागच्या भिंतीला टेकलेला सोफा म्हणजे लांबीचा प्रत्येक मोड कानात. खोलीच्या अगदी मधोमध बसलात तर पहिला मोड नाहीसा होऊन बेस पोकळ वाटतो. आदर्श जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते, पण आदर्श जागेवर सोफा ठेवला तर स्वयंपाकघरात जायला वाट राहत नाही, हेही खरं.

म्हणून जेवढं जमेल तेवढं. सोफा पुढे घेऊन कान भिंतीपासून दोन फुटांवर आणले तर माझ्या हॉलमध्ये ७० चा मोड सुमारे ३ डेसिबलने उतरतो. बिनपैशाचा एवढा फायदा दुसरीकडे कुठे नाही. मागे जी जागा उरली तिथे इस्त्रीचं टेबल घडी करून उभं राहिलं, त्यामुळे घरातूनही विरोध झाला नाही.

जोडणी

एव्हीआर, म्हणजे सिनेमाचे सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प, असेल तर त्याच्या सब-आउटमधून एक आरसीए वायर सबच्या एलएफई (याचा अर्थ पुढे येतो) किंवा लाइन-इनला. दोन खाचा असतील आणि एलएफई लिहिलेली वेगळी नसेल, तर बहुतेक वेळा डावीकडची चालते, मॅन्युअल बघा. सबवरचं क्रॉसओव्हरचं, म्हणजे किती हर्ट्झखालचे सूर सबने वाजवायचे ते ठरवणारं, बटण पूर्ण वर फिरवा किंवा एलएफईवर ठेवा, कारण ते काम आता एव्हीआर करणार आहे. दोघांनी केलं तर मधला पट्टा दोनदा कापला जातो. फेजचं, म्हणजे सबची लाट स्पीकरांच्या लाटेशी जुळवणारं, बटण शून्यावर. गेन घड्याळातल्या अकराच्या आसपास.

नुसता स्टिरिओ ॲम्प असेल आणि त्याला सब-आउट नसेल तर सबवर हाय-लेव्हल इनपुट आहे का बघा. ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरूनच तारा सबकडे न्यायच्या, मुख्य स्पीकर जसेच्या तसे जोडलेले राहतात. इथे सबवरचा क्रॉसओव्हर तुम्हालाच लावायचा आहे. ॲम्प क्लास-डी किंवा ब्रिज्ड असेल तर काळी तार कुठे लावायची ते मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय हात लावू नका, ॲम्प जाऊ शकतो.

जोडताच घूं असा एकसुरी आवाज येत असेल तर तो आपल्या विजेचा ५० हर्ट्झ आहे किंवा त्याची दुप्पट. सब आणि ॲम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिला तर सेट-टॉप बॉक्सची टीव्ही केबल काढून बघा, बऱ्याच घरांत गुन्हेगार तीच असते. तसं निघालं तर केबलच्या वाटेत आयसोलेटर लावायचा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं बंद करणारे महाभाग आहेत. तसं करू नका. घूं थांबते, पण उद्या आत काही बिघडलं तर पेटीला हात लावणाऱ्याला झटका बसेल.

रांगत शोधा

आता खरं काम. सब उचलून सोफ्यावर ठेवा, जिथे तुम्ही बसता तिथेच, वूफर समोर करून. वीस-पंचवीस किलोचा असेल तर दोघांनी उचला. अगदीच जमत नसेल तर सोफा बाजूला करून त्या जागी जमिनीवर ठेवा, उत्तर थोडं कच्चं येईल इतकंच.

मुख्य स्पीकर बंद. एखादी सलग चालणारी बेस गिटारची ओळ पुन्हा पुन्हा लावा, जिच्यात खालपासून वरपर्यंतचे सूर येतात. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची असते, म्हणजे आपल्याला हवा तो पट्टा बरोबर मिळतो. मग हॉलमध्ये जिथे जिथे सब ठेवणं शक्य आहे त्या सगळ्या जागा रांगत फिरा, कान सबच्या उंचीवर ठेवून. सब आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी खोलीचं उत्तर बदलत नाही, यावर ही युक्ती उभी आहे.

मी भिंतीच्या कडेने दोन्ही हात टेकून चाललो होतो तेव्हा आईने आतून येऊन विचारलं, “काय सांडलं रे?” तिला सांगितलं. तीही टीव्हीपाशी वाकून ऐकायला लागली आणि म्हणाली, “इथे नुसतं भुंभुं होतंय.” तिने ज्या कोपऱ्यात हे सांगितलं तिथेच दोन वर्षं सब होता.

शोधायचं काय? सगळ्यात मोठा आवाज शोधू नका, हीच चूक सगळे करतात. ओळीतले सगळे सूर सारख्या ताकदीचे वाटतील, एकही फुगणार नाही आणि एकही बुडणार नाही, ती जागा शोधा. तिथे बेस थोडा कमी वाटेल. चालेल, तो बटणाने भरून निघतो. फुगलेला सूर बटणाने उतरत नाही.

माझी जागा निघाली डाव्या भिंतीला पाठ लावून, पुढच्या भिंतीपासून जवळपास ४ फुटांवर. चित्र काढलेलं होतंच. १६ चा पाव ४. ती ७० हर्ट्झच्या मोडची शून्याची जागा. कानांनी आणि भागाकाराने एकच ठिकाण दाखवलं.

उत्तर मिळालं की तीन-चार जागांवर चिकटपट्टीच्या खुणा करा, सब प्रत्यक्ष तिथे ठेवा, सोफ्यावर बसून ऐका. ऐकण्यासाठी माझी आवडती परीक्षा डग्ग्याची. मनगट दाबत सरकवून घेतलेला घिस्सा असलेला एकल तबला लावा. सूर खालून वर सरकतो. खोली नीट असेल तर सरकताना त्याचा जोर एकसारखा राहतो. मोड डोकं वर काढत असेल तर वाटेत एका ठिकाणी तो भोंग्यासारखा फुगतो आणि पुढे पुन्हा बारीक होतो. कान तयार नसलेल्या माणसालाही हे लगेच कळतं. स्फोटांनी कळत नाही, स्फोट कुठेही छानच वाटतो.

दोन गोष्टी टाळाच. सब टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका, प्लायवूडचा कप्पा स्वतः वाजतो आणि मागचा ॲम्पही तापतो. आणि पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करायचं भोक, मागच्या बाजूला असेल तर भिंतीपासून वीतभर तरी सोडा.

क्रॉसओव्हर, आवाज, फेज

एव्हीआरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा. तुमचे स्पीकर माणसाएवढे उंच असले तरी. हा शब्द आकाराबद्दल नाही, खालचे सूर सबकडे पाठवायचे की नाही एवढंच तो सांगतो. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. टॉमलिन्सन होल्मन यांनी बांधलेल्या टीएचएक्स या सिनेमा-ध्वनीच्या पद्धतीच्या घरगुती मानकात हाच आकडा आहे, आणि त्यामागे कारण आहे: याच्याखाली आवाज कुठून येतोय ते कानाला सहसा ओळखता येत नाही. तुमचे स्पीकर मुठीएवढे सॅटेलाइट असतील तर १२० किंवा त्याहून वर जावं लागेल, आणि मग सब पुढेच, स्पीकरांच्या जवळ ठेवावा लागेल. नाहीतर निवेदकाचा अर्धा आवाज सोफ्याच्या बाजूने येतो.

मेनूमध्ये ‘एलएफई + मेन’ किंवा ‘डबल बेस’ असा पर्याय दिसेल. नाव आकर्षक आहे. तेच सूर दोन ठिकाणांहून येऊन एकमेकांत भांडतात, म्हणून बंद ठेवा. आणि एलएफई म्हणजे बेस असा समज असेल तर तोही सोडा. एलएफई हा सिनेमाच्या ध्वनीतला १२० हर्ट्झपर्यंतचा एक स्वतंत्र ट्रॅक आहे, स्फोट-गडगडाटासाठी. स्टिरिओ गाण्यात तो नसतोच. गाण्याचा बेस सबपर्यंत पोचतो तो फक्त क्रॉसओव्हरमुळे.

आता एव्हीआरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन चालवा. माइक सोफ्यावर, कानांच्या उंचीवर, ट्रायपॉडला. उशांच्या ढिगावर ठेवू नका. पंखा बंद. झालं की सबचा लेव्हल बघा. उणे १२ सारखा शेवटचा आकडा दिसला तर सबवरचं गेनचं बटण कमी करून पुन्हा चालवा. शून्य ते उणे ६ च्या आसपास आला तर ठीक.

सबचं अंतर मात्र विचित्र दिसेल. टेपने ९ फूट असताना एव्हीआर १४ दाखवेल. ती चूक नाही. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर एव्हीआर अंतरात मोजतो. ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

कॅलिब्रेशननंतर सब थोडा कमी वाटतो, असं जवळजवळ सगळे म्हणतात. कानाचा स्वभाव आहे तो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज एकूण हळू असताना खालचे सूर कानाला फार जास्त उणे भासतात. घरात आपण थिएटरपेक्षा बरंच हळू ऐकतो. सबचा लेव्हल २ ते ४ डेसिबल वाढवा, बिनधास्त.

फेजसाठी दोन माणसं लागतात. क्रॉसओव्हरच्या सुराचा, म्हणजे ८० हर्ट्झचा टोन लावा, मुख्य स्पीकर आणि सब दोन्ही चालू. एकाने सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने फेजचं बटण ० वरून १८० वर न्यायचं. जिथे मोठं ऐकू येईल ते बरोबर. बटण फिरणारं असेल तर हळूहळू फिरवून सगळ्यात मोठी जागा पकडा. एव्हीआरमधलं सबचं अंतर फूट-फूट बदलूनही हेच साधतं, एका फुटाला ८० हर्ट्झवर सुमारे २५ अंशांचा फरक पडतो. फेज चुकलेली असेल तर लक्षण ठरलेलं: सब आहे, स्पीकर आहेत, पण बेस गिटारचे मधले सूर कुठेतरी पडून जातात.

माइक घेतलात तर

इथपर्यंत कानांनी झालं, आणि बऱ्याच घरांना एवढं पुरतं. पुढे जायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि यूमिक-१ सारखा यूएसबी मापन माइक घ्या. फोनवरच्या डेसिबल ॲपवर बेस मोजू नका. फोनचा माइक माणसाचं बोलणं पकडायला केलेला असतो, खालचं तो कापूनच टाकतो.

१५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा टोन, चालवा, आलेख गुळगुळीत करणारं स्मूदिंग बंद ठेवा. डोंगर-दऱ्या दिसतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो. कोपऱ्यातल्या माझ्या सबचा आलेख मी नंतर मुद्दाम काढला, तेव्हा ७० वर ११ डेसिबलचा सुळका होता. नव्या जागेवर तो ३ वर आला. ३५ चा मात्र ८ डेसिबलचा डोंगर तसाच होता, कारण पाव अंतरावर पहिला मोड शून्य होत नाही.

आता ईक्यू, म्हणजे निवडक सूर फिल्टरने कमी-जास्त करणं. डोंगर कापा, दऱ्या भरू नका. ३५ वर एक अरुंद फिल्टर लावून ६-७ डेसिबल उतरवले की गुरगुर संपली. दरीत मात्र थेट येणारी आणि परतून येणारी लाट एकमेकींना खात असतात. तुम्ही ताकद ओताल तेवढी परतणारी लाटही वाढेल आणि दरी जिथल्या तिथे. १० डेसिबल वाढवायला ॲम्पला दहापट ताकद लागते. ती सगळी वूफरची कॉइल तापवण्यात जाते. दरी भरायची असेल तर सब किंवा सोफा हलवा.

भिंतीवर स्पंजचे त्रिकोण आणि अंड्यांचे ट्रे चिकटवायचा विचार असेल तर तो बेससाठी सोडून द्या. ५० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा साडेपाच फुटांहून जास्त भरतो, दीड इंचाच्या स्पंजला ती ओळखही देत नाही. जाड रॉकवूलचे कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत उभे केलेले ट्रॅप, म्हणजे बेस शोषणारे खांब, थोडं काम करतात, पण तेवढी जागा कुणाच्या हॉलमध्ये असते?

दुसरा सब

एका मोठ्या सबऐवजी दोन लहान घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जोरासाठी नाही. माझ्या हॉलमध्ये एक भानगड उरली होती. ५६ हर्ट्झचा रुंदीचा मोड सोफ्याच्या मधल्या जागी शून्य असतो, म्हणून मला तो त्रास देत नव्हता. पण बाजूला बसणाऱ्या मुलीला तोच सूर घुमायचा. ईक्यूने कापला तर तिचं बरं आणि माझं पोकळ.

उजव्या भिंतीला, पहिल्याच्या बरोबर समोर, तसाच दुसरा सब ठेवला. दोघे एकाच वेळी ढकलतात, पण रुंदीच्या मोडमध्ये दोन भिंती एकमेकींच्या उलट असतात, त्यामुळे तो मोड उभाच राहत नाही. आता तिन्ही जागांवर बेस जवळपास सारखा आहे. हार्मन या ऑडिओ कंपनीत टॉड वेल्टी यांनी २००२ च्या सुमारास सबच्या संख्येवर आणि जागांवर पद्धतशीर काम केलं, त्यातही समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब चांगले ठरले होते. चार ठेवले तर आणखी सपाट, पण मग घरात माणसं कुठे ठेवायची.

दोन्ही सब एकाच मॉडेलचे असावेत. दोघांचे गेन आधी वेगवेगळे वाजवून सारखे करा, मग दोन्ही मिळून एकच समजून कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून. दोन शेजारी शेजारी ठेवले तर फक्त जोर वाढतो, ६ डेसिबल. खोलीचा प्रश्न तसाच राहतो.

खालच्या मजल्यावरच्या काकू

ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण ती ए-वेटिंगने मोजतात, आणि त्या मापात ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबल कमी करून धरला जातो. म्हणजे मीटर शांत आणि खालच्या काकूंचा पलंग गुणगुणतोय, असं होऊ शकतं. मीटर दाखवून वाद जिंकता येईल, शेजार नाही.

सबखाली जाड रबराचे किंवा फोमचे पॅड घाला. त्याने स्लॅबमध्ये उतरणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही, विकणारा काहीही सांगो. फरशीवर टोकदार स्पाइक लावू नका, सब घसरतो आणि फरशीवर चरे पडतात. रात्री एव्हीआरमधला नाइट मोड लावा. आणि स्वतः एकदा खाली जाऊन ऐका, घरी कुणालातरी चालू करायला सांगून. मी गेलो तेव्हा काकूंच्या हॉलमध्ये काहीच नव्हतं, पण पॅसेजमध्ये ३५ स्पष्ट होता. तो कापल्यापासून तक्रार नाही.

खडखड

शेवटी घरातल्या वस्तू. २० ते १०० हर्ट्झचा अगदी हळू स्वीप नेहमीपेक्षा थोडा मोठा लावा आणि घरभर फिरा. प्रत्येक सुराला कोणीतरी उत्तर देतं. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी, शोकेसच्या काचा, पंख्याच्या दांड्यावरची वाटी, भिंतीवरच्या फोटोची मागची पट्टी. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी, फोटोमागे दोन रबरी ठिपके, पंख्याच्या वाटीचा स्क्रू घट्ट. या खडखडीला लोक सब फाटल्याचा आवाज समजतात आणि दुकानात फोन करतात.

आमच्याकडे ४३ हर्ट्झला एक बारीक, गोड किणकिण येत होती. दोन दिवस सापडली नाही. सबचे स्क्रू काढून बसवले, जाळी काढून ऐकलं. ती येत होती डायनिंग टेबलावरून. पाण्याच्या तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र. आता सिनेमा सुरू करायच्या आधी कोणीतरी उठून ते उताणं करून बाजूला ठेवतं.